धाप लागते तेव्हा: हृदय आणि फुप्फुसांचे गंभीर आजार समजून घेण्याची सुरुवात

घरातल्या कोणाला हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असल्याचे पहिल्यांदा कळते, तेव्हा एकाच दिवसात पंधरा-वीस नवे शब्द कानांवर पडतात आणि त्यांतले निम्मे आपण भलत्याच अर्थाने ऐकतो. हा लेख अशा नवख्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे. मात्र काय पाहावे, काय मोजावे, ते कोणत्या शब्दांत सांगावे आणि कोणत्या क्षणी वाट पाहणे थांबवावे, हे घरच्यांनाच ठाऊक असावे लागते, कारण आजार बळावतो तेव्हा डॉक्टर बहुधा समोर नसतात.

पहिली पायरी: दोन अवयव, एकच रस्ता

हृदयाची उजवी बाजू शरीरातून परत आलेले रक्त फुप्फुसांकडे ढकलते आणि डावी बाजू फुप्फुसांतून आलेले रक्त सगळ्या शरीराला पुरवते. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना दोन्ही बाजू दर मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे पाठवतात आणि दोघींचा हा हिशेब जुळतच राहावा लागतो. डावी बाजू कमजोर झाली की रक्त मागे तुंबते, म्हणजे फुप्फुसांत तुंबते, आणि आजार हृदयाचा असूनही तक्रार श्वासाची सुरू होते. उलट, फुप्फुसे वर्षानुवर्षे खराब असतील तर त्यांच्यात रक्त ढकलता ढकलता उजवी बाजू थकते आणि पायांवर सूज येते. म्हणून ‘धाप लागते म्हणजे फुप्फुसांचा आजार’ आणि ‘पाय सुजले म्हणजे हृदयाचा आजार’ हे दोन्ही अंदाज वारंवार चुकतात.

शिवाय धाप दोन्हींपैकी कशामुळेच नसेल, असेही घडते. रक्तातले हिमोग्लोबिन फार कमी झाले, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली किंवा मधुमेहात रक्ताची आम्लता वाढली, तर हृदय आणि फुप्फुसे मुळात ठीक असूनही श्वास जोरात चालू लागतो. धाप हे रोगाचे नाव नाही. ती तक्रार आहे, आणि तिचे मूळ शोधावे लागते.

दुसरी पायरी: शब्दांचा घोळ आधी मिटवावा

माझ्या मते नवख्या माणसाचे सर्वांत जास्त नुकसान अपुऱ्या माहितीपेक्षा चुकीच्या समजलेल्या शब्दांनी होते, म्हणून इथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

‘हार्ट अटॅक’, ‘हार्ट फेल्युअर’ आणि ‘कार्डियाक अरेस्ट’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी अडते आणि स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीवर असतो आणि बोलत असतो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे पाठवणे हृदयाला जमेनासे होते, किंवा ते जमवण्यासाठी हृदयाच्या आतला दाब वाढू द्यावा लागतो, त्या अवस्थेचे हे नाव आहे. ही अवस्था औषधांवर अनेक वर्षे सांभाळता येते. ‘हार्ट फेल’ हा शब्द ऐकून घरात रडारड सुरू होते आणि डॉक्टर पुढे काय सांगत आहेत ते कोणी ऐकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. कार्डियाक अरेस्टमध्ये मात्र रक्ताभिसरण खरोखर थांबते, रुग्ण कोसळतो, आणि तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

दुसरा घोळ ‘छातीत पाणी झाले’ या वाक्याचा. हे पाणी दोन ठिकाणी असू शकते. फुप्फुसांच्या आतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत पाणी उतरते तेव्हा कारण बहुधा हृदय असते. ते सुईने काढता येत नाही आणि लघवी वाढवणारी औषधे देऊन कमी करावे लागते. फुप्फुसाभोवतीच्या दोन आवरणांमध्ये पाणी साचते तेव्हा त्याची कारणे क्षयरोग, न्यूमोनिया, कर्करोग, यकृताचा आजार किंवा हृदयाचा आजार यांपैकी कोणतेही असू शकते. ते सुईने काढून तपासता येते. म्हणून ‘पाणी नेमके कुठे आहे?’ हा एकच प्रश्न विचारला तरी पुढचे बरेच संभाषण सुकर होते.

तिसरा शब्द ‘दमा’. बोलताना आपण कोणत्याही जुन्या धापेला दमा म्हणतो. वैद्यकीय अर्थाने दम्यात श्वासनलिका अधूनमधून आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. त्रास कमी-जास्त होत राहणे, पहाटे वाढणे आणि मधल्या काळात माणूस अगदी ठणठणीत असणे, ही त्याची ओळख. ‘सीओपीडी’ या आजारात अडथळा कायमचा असतो आणि हळूहळू वाढत जातो. त्यामागे बहुधा अनेक वर्षांचे धूम्रपान, चुलीचा धूर किंवा कामाच्या ठिकाणची धूळ असते. ‘आयएलडी’ या गटात श्वासनलिका नव्हे, तर फुप्फुसाचा गाभाच चिवट आणि कडक होतो. तिथे कोरडा खोकला आणि चालताना झपाट्याने घसरणारा ऑक्सिजन दिसतो, आणि श्वासनलिका रुंदावणाऱ्या पंपाचा फारसा उपयोग होत नाही. तिन्ही आजारांना घरात ‘दमाच तो’ म्हटले गेले तर एकाचे औषध दुसऱ्याला दिले जाण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी: कधीपासून, कोणत्या स्थितीत, कशाने

डॉक्टरांना रुग्णाची हकिकत सांगताना ‘खूप त्रास होतो’ या वाक्यातून फार थोडे कळते. त्याऐवजी तीन गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे धाप किती वेगाने आली. काही सेकंदांत किंवा मिनिटांत आलेली धाप असेल तर फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी, फुप्फुसाला छिद्र पडून छातीत सुटलेली हवा, घशात अडकलेला घास, तीव्र ॲलर्जी, दम्याचा झटका किंवा हृदयाचा अचानक बिघाड अशा गोष्टी मनात येतात. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत वाढलेली धाप न्यूमोनिया, सीओपीडीचा जोर किंवा आधीच्या हार्ट फेल्युअरची बिघडलेली अवस्था दर्शवू शकते. महिनोन्‌महिने सावकाश वाढत गेलेली धाप हृदयाच्या झडपेचा आजार, आयएलडी, पंडुरोग (रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे) किंवा फुप्फुसातील रक्तदाब वाढणे यांकडे बोट दाखवते. गुठळीची शंका असेल तर आणखी काही तपशील आवर्जून सांगावा: अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, रुग्ण बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता का, लांबचा प्रवास, गर्भारपण, बाळंतपण, कर्करोग किंवा संततिनियमनाच्या गोळ्या यांपैकी काही आहे का, आणि एकाच पायाच्या पोटरीला सूज किंवा दुखणे आहे का.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराची स्थिती. आडवे झाल्यावर दम कोंडतो आणि दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, किंवा झोप लागल्यावर एक-दोन तासांनी माणूस गुदमरून उठतो आणि खिडकीपाशी जाऊन बसतो, हे हृदयाकडे निर्देश करणारे वर्णन आहे. सीओपीडीच्या रुग्णालाही आडवे होताना त्रास होऊ शकतो, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नाही, परंतु उशांची संख्या वाढत चालली असेल तर ते जरूर सांगावे.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. धाप सावकाश वाढते तेव्हा माणूस नकळत आपले काम कमी करत जातो. जिना टाळतो, चालताना मध्येच थांबून फोन पाहतो, अंघोळीनंतर टेकतो, आणि विचारले तर ‘मला तसा काही त्रास नाही’ असे मनापासून सांगतो. म्हणून रुग्णाला ‘त्रास होतो का?’ असे न विचारता ‘गेल्या वर्षी करत होता आणि आता करत नाही असे काय आहे?’ असे विचारावे. डॉक्टरांच्या वहीतले मोजमापही याच धर्तीचे असते. फक्त जोराच्या श्रमाने धाप, चढावर धाप, समवयस्कांपेक्षा सावकाश चालावे लागणे, सपाटीवर सुमारे १०० मीटरनंतर थांबावे लागणे, आणि कपडे घालतानाही दम लागणे, अशा ० ते ४ या पायऱ्या त्यात असतात.

चौथी पायरी: वाट पाहणे कुठे थांबवावे

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जड वाटणे, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, सोबत घाम आणि मळमळ असणे, आणि हे काही मिनिटे टिकणे, एवढे दिसले की तातडीची रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत न दुखता केवळ अचानक धाप, कमालीचा थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागातले दुखणे एवढेच असू शकते. ‘पित्त झाले असेल’ म्हणून घालवलेले दोन तास नंतर परत मिळत नाहीत, कारण अडलेली रोहिणी जितकी लवकर उघडते तितका स्नायू वाचतो. अशा रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर रुग्णवाहिका सेवेच्या सल्ल्याने ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात.

श्वासाच्या बाबतीत पुढील खुणा तितक्याच गंभीर समजाव्यात: एका दमात वाक्य पूर्ण न होणे, मानेचे स्नायू ओढले जाणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, खोकल्यातून रक्त येणे, चक्कर येऊन पडणे, आणि नव्याने आलेली असंबद्ध बडबड किंवा गुंगी. दम्याच्या तीव्र झटक्यात छातीतली घरघर थांबली आणि रुग्ण शांत झाला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजू नये. हवा आत-बाहेर होणेच इतके कमी झाले असेल की घरघरीलाही जोर उरला नसेल. ही फसवी शांतता ओळखता येणे फार महत्त्वाचे आहे.

माणूस कोसळला, हाक मारल्यावर आणि हलवल्यावर प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर मदत बोलावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागावे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढांमध्ये ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. अधूनमधून आचके देत घेतलेला श्वास हा श्वास मानू नये. जवळ एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, असेल तर ते चालू करून त्यातल्या आवाजी सूचना पाळाव्यात.

पाचवी पायरी: घरी काय मोजावे

श्वासाची गती हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मोजमाप आहे. रुग्णाला न सांगता पूर्ण एक मिनिट छातीची किंवा पोटाची हालचाल मोजावी, कारण सांगून मोजले की गती बदलते. शांत बसलेल्या प्रौढाची गती १२ ते २० असते. ती २५च्या पुढे टिकून राहिली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि ३० किंवा अधिक असेल तर रुग्णालयात न्यावे. लहान मुलांचे आकडे वेगळे असतात: दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर उपयोगी आहे, पण त्याच्यावर अंधविश्वास नको. तो रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतो आणि निरोगी माणसात हा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. हात थंड असतील, नखांना रंग असेल किंवा हात हलत असेल तर तो चुकतो. सावळ्या किंवा काळ्या त्वचेत यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. बंद खोलीत कोळसा जाळल्याने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली असेल तर आकडा छान दिसतो आणि रुग्ण मरणाच्या दारात असतो. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते, त्यामुळे ९७ आकडा असूनही माणूस खरोखर गुदमरलेला असू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून ‘तुम्ही उगाच घाबरता’ असे त्याला म्हणू नये.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी साधा वजनकाटा हे ऑक्सिमीटरपेक्षाही महत्त्वाचे यंत्र आहे. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत २ किलोच्या आसपास वजन वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नसून साठलेले पाणी असते, आणि ही वाढ अनेकदा धाप लागण्याच्या आधीच दिसते. तेवढ्यावर फोन केला तर गोळ्यांच्या मात्रेत बदल करून काम भागते, आणि थांबले तर अनेकदा भरती व्हावे लागते. अशा रुग्णाने दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, कारण त्यांनी शरीरात पाणी आणि मीठ साठते.

सहावी पायरी: तपासण्यांचे अर्थ

ईसीजी ही त्या क्षणाची नोंद असते. ती सामान्य आली म्हणून हार्ट अटॅक नाही असे ठरत नाही. त्यामुळेच ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूची इजा ओळखणारी रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा करतात, आणि ‘एकदा झाली ना, परत कशाला?’ अशी तक्रार करण्याचे कारण नसते.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्या अहवालात ‘ईएफ’ म्हणून टक्केवारी लिहिलेली असते आणि लोक ती परीक्षेतल्या गुणांसारखी वाचतात. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, एवढाच त्याचा अर्थ. निरोगी हृदयही सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५० ते ७० टक्के हे सामान्य असते, म्हणून ५५ आले तर ४५ टक्के हृदय निकामी झाले असे मुळीच नाही. ४० किंवा त्याखाली आकडा असेल तर आकुंचन कमजोर आहे. परंतु आकडा ५०च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकते, कारण काही हृदये जोरात आकुंचन पावतात पण कडक झाल्याने नीट सैलावत नाहीत आणि भरत नाहीत. उतारवयातल्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या रुग्णांत हे विशेष आढळते.

स्पायरोमेट्री या फुप्फुसांच्या तपासणीत यंत्राच्या नळीत जोराने फुंकायचे असते. पूर्ण उच्छ्वासातली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली हे त्यात पाहतात. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही हे गुणोत्तर ०.७०च्या खाली राहिले तर कायमचा अडथळा आहे असे धरतात. फुंकण्यात कुचराई झाली तर अहवाल निरर्थक ठरतो, म्हणून ही तपासणी घाईत उरकू नये.

सातवी पायरी: इन्हेलर आणि ऑक्सिजन

‘पंपाची सवय लागते’ हा समज जाता जात नाही. तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा इन्हेलरमधली मात्रा कितीतरी लहान असते आणि ती थेट श्वासनलिकांत पोहोचते. खरी अडचण सवयीची नसून पद्धतीची आहे. दाबायचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश आणि खोल श्वास घेत असतानाच दाबायचा असतो आणि सुमारे १० सेकंद श्वास रोखायचा असतो. भुकटीच्या इन्हेलरमध्ये उलट आहे, तिथे श्वास जोरात ओढावा लागतो. दाबणे आणि ओढणे जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, वापरावा. स्टेरॉइडच्या इन्हेलरनंतर गुळण्या कराव्यात, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही आणि आवाज बसत नाही. दम्यात तात्पुरता आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस लागत असेल तर आजार आटोक्यात नाही असे समजावे. केवळ त्याच्यावर दमा सांभाळण्याची शिफारस दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९पासून काढून टाकली आहे, कारण त्याने आतली सूज तशीच राहते.

ऑक्सिजन हेही औषध आहे आणि त्याला मात्रा असते. सीओपीडीच्या अनेक रुग्णांत ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात, कारण गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. म्हणून ‘थोडा वाढवू, बरे वाटेल’ म्हणून घरी परस्पर चक्री फिरवू नये. दीर्घकाळ घरी ऑक्सिजन लावायला सांगितला असेल तर तो दिवसातून किमान १५ तास घेतला तरच त्याचा आयुष्यासाठी फायदा होतो. दम लागेल तेव्हाच पाच मिनिटे लावून तो मिळत नाही. त्या खोलीत बिडी-सिगारेट, निरांजन, उदबत्ती, गॅस काहीही पेटते नसावे.

आठवी पायरी: अतिदक्षता विभागात काय विचारावे

घट्ट मास्क लावून दाबाने हवा देणारे यंत्र आणि घशात नळी घालून जोडलेला व्हेंटिलेटर यांत फरक आहे. मास्कवरचा रुग्ण शुद्धीवर असतो आणि मास्क ओढून काढू पाहतो, तेव्हा जवळच्या माणसाने धीर देण्याचा मोठा उपयोग होतो. व्हेंटिलेटर रोग बरा करत नाही. मूळ आजारावरचे उपचार लागू पडेपर्यंत तो श्वासाचे काम करतो. त्यामुळे ‘व्हेंटिलेटर किती दिवस?’ यापेक्षा ‘मूळ कारण काय आहे आणि ते उलटण्यासारखे आहे का?’ हा प्रश्न अधिक कामाचा. आजार उलटण्यासारखा नसेल, तर नळी घालायची की नाही याविषयी रुग्णाची स्वतःची इच्छा तो बोलू शकतो तोवर विचारून ठेवावी. हे बोलणे अभद्र वाटते, पण ते टाळले तर मध्यरात्री तो निर्णय भांबावलेल्या मुलांवर येऊन पडतो.

घरी परतताना औषधांची यादी, कोणते औषध कशासाठी, कोणते अचानक बंद करायचे नाही, आणि कोणत्या खुणेवर कोणाला फोन करायचा, हे लिहून घ्यावे. शक्य असेल तिथे फुप्फुसांच्या किंवा हृदयाच्या पुनर्वसनाच्या व्यायामवर्गाची चौकशी करावी. दम लागतो म्हणून हालचाल टाळली की पायांचे स्नायू झिजतात आणि मग तेवढ्याच कामाला अधिक दम लागतो. धाप लागली की पुढे वाकून कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकावेत, नाकाने श्वास घ्यावा, आणि दिवा फुंकर मारून न विझवता ज्योत नुसती हलवायची असल्यासारखे ओठ चंबू करून सावकाश सोडावा. हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर, नाका-ओठांजवळ धरला तरी अनेकांची घुसमट कमी होते. ऑक्सिमीटरचा आकडा त्याने बदलत नाही, पण माणसाला पुन्हा बोलता येऊ लागते.